परमनंट असते काय? : लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांची कारकीर्द आणि एक जुना प्रश्न

वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात पहाटे मैदानावर गेलात, तर भरतीसाठी धावणाऱ्या पोरांमध्ये आता मुलीही दिसतात. त्यांतल्या एकीचे वडील माझ्या ओळखीचे. सोयाबीन-तुरीची शेती, घरात दोन मुली. मी जुनी कात्रणे, राजपत्रे आणि न्यायनिवाडे वाचत बसतो, हे त्यांना ठाऊक आहे. एकदा रस्त्यात थांबवून त्यांनी विचारले, ‘‘भाऊ, पोरगी म्हन्ते मिल्ट्रीत अफसर होतो. होय म्हना, आपलं काही म्हन्नं नाही. पन थे परमनंट असते काय?’’

मला वाटले, उत्तर एका वाक्यात देता येईल. घरी येऊन कागद काढले आणि लक्षात आले, की या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न हाच भारतीय लष्करातील स्त्री-अधिकाऱ्यांच्या इतिहासाचा कणा आहे. संरक्षण मंत्रालय, दिल्ली उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांनी मिळून सतरा वर्षे याच प्रश्नाचा कीस काढला. फक्त तिथे त्याला ‘परमनंट कमिशन’ म्हणतात.

या इतिहासात २०२० सालचा फेब्रुवारी महिना विलक्षण आहे. १७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लष्कराच्या ज्या शाखांत स्त्रिया अल्पमुदतीच्या अधिकारी म्हणून काम करतात, तिथे त्यांना कायम कमिशन द्यावे लागेल. त्यानंतर बाराव्या दिवशी, २९ फेब्रुवारीला, माधुरी कानिटकर यांच्या खांद्यावर लेफ्टनंट जनरलची पदचिन्हे चढली. एकाच लष्करात, एकाच महिन्यात, एक स्त्री वरून दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीला पोहोचते आणि शेकडो स्त्रिया ‘आम्हाला चौदा वर्षांनंतर घरी पाठवू नका’ एवढेच मागत न्यायालयात उभ्या असतात. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी कशा घडल्या, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

एक कलम आणि एक अपवाद

१९५० च्या लष्कर कायद्यातील बारावे कलम या साऱ्याच्या मुळाशी आहे. त्याचा आशय असा, की नियमित लष्करात स्त्रीला प्रवेश नाही. मात्र केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ज्या दलांची वा विभागांची नावे जाहीर करील, तेवढ्यांत तो मिळेल. म्हणजे नियम बंद दाराचा आणि अपवाद सरकारच्या मर्जीचा. स्त्रीला लष्करात काय करता येते, हे तिच्या अंगच्या गुणांवर नव्हे, तर कोणत्या दाराची अधिसूचना निघाली आहे यावर ठरायचे.

परिचारिकांची सेवा ब्रिटिश काळापासून होतीच. तिच्यातूनच गर्ट्रूड ॲलिस राम १९७६ मध्ये मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यातील या श्रेणीच्या त्या पहिल्या स्त्री. परिचर्येपलीकडचे महत्त्वाचे दार उघडले ते १९५८ मध्ये. त्या वर्षी आर्मी मेडिकल कोअर, म्हणजे लष्कराच्या डॉक्टरांचे दल, स्त्रियांना नियमित कमिशन देऊ लागले. बाकीच्या लष्कराचे दार स्त्रियांसाठी किलकिले व्हायला त्यानंतर ३४ वर्षे जावी लागली. हा ३४ वर्षांचा फरक ध्यानात ठेवला, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

या दाराकडे नेणारा रस्ता पुण्यातून जात होता. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपण ज्याला एएफएमसी म्हणतो ते, १९४८ मध्ये स्थापन झाले आणि १९६२ पासून तिथे एमबीबीएसचे वर्ग सुरू झाले. १९६३ च्या दुसऱ्याच तुकडीत पुनिता अरोरा होत्या. फाळणीत घरदार सोडून आलेल्या कुटुंबातली ही मुलगी २००४ मध्ये भारतीय लष्करातील पहिली स्त्री लेफ्टनंट जनरल झाली आणि ज्या महाविद्यालयात शिकली त्याचीच प्रमुख झाली. पुढे नौदलात जाऊन त्या व्हाइस ॲडमिरलही झाल्या. हवाई दलात पद्मा बंदोपाध्याय एअर मार्शल झाल्या, त्याही एएफएमसीच्या.

इथे एक खुलासा करायला हवा. कानिटकरांचा उल्लेख वर्तमानपत्रांत ‘तिसऱ्या महिला लेफ्टनंट जनरल’ असा होत आला आहे. तिन्ही सेनादलांतील समान श्रेणी एकत्र मोजल्या तर त्या तिसऱ्या. केवळ लष्कर धरले तर अरोरांनंतर दुसऱ्या. बालरोगतज्ज्ञ म्हणून या श्रेणीला पोहोचलेल्या मात्र त्या पहिल्या.

पेशंट : जवानाचे मूल

माधुरी कानिटकर १९७८ मध्ये एएफएमसीत दाखल झाल्या. सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी म्हणून बाहेर पडल्या आणि १९८२ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. पुढे मुंबई विद्यापीठातून बालरोगशास्त्रात एम.डी. केले, दिल्लीच्या एम्समध्ये आणि मग परदेशात मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे प्रशिक्षण घेतले. पुण्यात आणि दिल्लीत लष्करी रुग्णालयांमध्ये मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे विभाग उभे करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

‘लष्करात बालरोगतज्ज्ञ कशाला?’ असे कुणालाही वाटेल. सीमेवर लढणारा जवान तर मोठा माणूस. पण त्याचे कुटुंब असते आणि त्या कुटुंबाच्या आजारपणाची जबाबदारी लष्कराने घेतलेली असते. मुलांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम हा आजार उदाहरणादाखल घेऊ. मुलाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज येते. स्टिरॉइडने बहुतेक मुले बरी होतात, पण आजार पुन्हा पुन्हा उलटतो. काही वर्षे घरच्या माणसांना सकाळी मुलाची लघवी तपासून वहीत नोंद ठेवावी लागते. उलटल्याचे लवकर कळले तर पुढचे धोके टळतात. आता अशा मुलाचा बाप सियाचीनला आहे आणि आई दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवे क्वार्टर, नवे डॉक्टर पाहते आहे, अशी कल्पना करा. या आईला नीट समजावून सांगणारा आणि बदलीनंतरही उपचाराचा धागा तुटू न देणारा डॉक्टर हा त्या जवानाच्या मनःस्थितीचाच भाग असतो. घरचे लेकरू सांभाळले जाते आहे एवढा भरवसा असला, म्हणजे चौकीवर उभ्या माणसाचे पाय स्थिर राहतात.

कानिटकर स्वतःही लष्करी कुटुंबातल्याच. त्यांचे पती राजीव कानिटकर लढाऊ शाखेच्या बाजूने लेफ्टनंट जनरल होऊन आधी निवृत्त झाले. पती-पत्नी दोघेही या श्रेणीला पोहोचल्याचे हे देशातील पहिले उदाहरण. ऐकायला हे फार सुंदर वाटते. पण दोघांच्या बदल्या स्वतंत्रपणे होत असल्याने संसाराची कितीतरी वर्षे दोन गावांत गेली, ही त्याची किंमत होती.

२०१७ पासून त्या एएफएमसीच्या अधिष्ठाता होत्या. मग मेजर जनरल म्हणून उधमपूरला नॉर्दर्न कमांडच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या उंच, बर्फाळ, अशांत मुलखात पसरलेले हे लष्कर. तिथे वैद्यकीय सेवा म्हणजे एका रुग्णालयाचा कारभार नव्हे. पुढच्या ठाण्यावरचा मदतकक्ष, तिथून फील्ड हॉस्पिटल, तिथून मोठे रुग्णालय अशी साखळी असते. जखमी किंवा उंचीच्या विकाराने ग्रासलेला जवान या साखळीतून किती वेळात मागे येतो, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. रस्ता बंद, हेलिकॉप्टरला ढगांची आडकाठी, अशा वेळी ही साखळी चालू ठेवणे हे डॉक्टरकीइतकेच सेनापत्याचे काम आहे.

लेफ्टनंट जनरल झाल्यावर त्या दिल्लीला इंटिग्रेटेड डिफेन्स स्टाफमध्ये वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुख झाल्या. तिन्ही दलांच्या कामात मेळ घालणारे हे मुख्यालय. संरक्षण दल प्रमुख हे पद त्याच वर्षीच्या जानेवारीत निर्माण झाले होते. त्यांनी सूत्रे घेतली आणि महिना उलटायच्या आत देशात टाळेबंदी लागली. पुढचे दीड वर्ष करोनाचे होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हवाई दलाची विमाने ऑक्सिजनचे रिकामे टँकर वाहत होती, तात्पुरत्या रुग्णालयांत लष्करी डॉक्टर आणि परिचारिका उभ्या होत्या, निवृत्त लष्करी डॉक्टरांना परत बोलावले जात होते. त्या काळात तिन्ही दलांच्या वैद्यकीय मनुष्यबळाचा मेळ घालणाऱ्या पदावर एक स्त्री होती, आणि ते फारसे कुणाच्या ध्यानातही आले नाही. माझ्या मते तिच्या यशाची ही सर्वांत चांगली खूण आहे.

दुसरे दार

आता दुसऱ्या दाराकडे वळू. ३० जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने लष्कराची टपाल सेवा, विधी विभाग, शिक्षण दल, आयुध दल आणि पुरवठा दल यांच्या ठरावीक जागा स्त्री-अधिकाऱ्यांसाठी खुल्या झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सिग्नल्स, इंजिनिअर्स, ईएमई आणि गुप्तवार्ता या शाखांची भर पडली. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून २५ मुलींची पहिली तुकडी ६ मार्च १९९३ रोजी बाहेर पडली. प्रिया झिंगन ही तिच्यातली पहिल्या क्रमांकाची कॅडेट.

पण हे दार आत जाण्यापुरतेच होते. मुदत आधी पाच वर्षे, मग वाढवून दहा, मग चौदा. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी मात्र वीस वर्षे सेवा लागते. म्हणजे पंचविशीच्या आत भरती झालेली मुलगी चाळिशीच्या आत पेन्शनशिवाय बाहेर. तिच्याबरोबर अल्पमुदतीवर आलेल्या पुरुषाला मात्र कायम कमिशनसाठी अर्ज करता येई. कायम कमिशन नाही म्हणून वरिष्ठ अभ्यासक्रम नाहीत, अभ्यासक्रम नाहीत म्हणून तुकडीचे नेतृत्व नाही आणि नेतृत्वाचा अनुभव नाही म्हणून बढती नाही, अशी ही गाठ होती.

२००३ मध्ये हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २००८ मध्ये सरकारने फक्त विधी आणि शिक्षण या दोन विभागांत कायम कमिशन दिले, तेही पुढे भरती होणाऱ्यांना. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला; सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये आणखी आठ शाखांची घोषणा झाली, पण नेमणुका फक्त कचेरीतल्या; तुकडीचे नेतृत्व नाही. अखेर १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी दहाही शाखांसाठी निकाल दिला. सरसकट ‘नेतृत्व नाही’ ही अटही त्यांनी उडवून लावली.

या निकालात स्त्री-अधिकाऱ्यांच्या कामगिरीची जंत्री आहे. तिच्यात सोफिया कुरेशी यांचे नाव येते. २०१६ मध्ये पुण्याजवळ औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांचा संयुक्त सराव झाला. त्यात भारतीय पथकाचे नेतृत्व सिग्नल्सच्या या स्त्री-अधिकाऱ्याने केले. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना साऱ्या देशाने त्यांना पाहिले, तेव्हा त्या कर्नल होत्या. १९९९ च्या कमिशनपासून कर्नलपदापर्यंतचा रस्ता त्यांच्या पिढीला न्यायालयातून काढावा लागला होता, हे टीव्हीवर दिसत नाही.

निकालानेही सारे सुटले नाही. कायम कमिशनसाठी निवड सुरू झाली, तेव्हा ज्यांना पाचव्या-दहाव्या वर्षी संधीच दिली नव्हती, त्या चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांना तरुणपणच्या शारीरिक निकषांवर तपासले गेले. ‘हिला पुढे जायचेच नाही’ असे गृहीत धरून पूर्वी लिहिलेले वार्षिक शेरेही त्यांच्या आड आले. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत भेदभावाची ठरवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिग्नल्स, ईएमई आणि इंजिनिअर्समधील पाच स्त्रिया २६ वर्षांच्या सेवेनंतर सेवाकालाच्या आधारे (टाइम स्केल) कर्नल झाल्या. या शाखांत हे पहिल्यांदाच घडत होते.

खेड्यातल्या जवानाची साक्ष

या खटल्यात सरकारतर्फे एक मुद्दा मांडला गेला होता. जवान बहुतांशी ग्रामीण भागातले पुरुष असतात. स्त्री-अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांचे मन अजून तयार नाही, असा तो मुद्दा. न्यायालयाने तो फेटाळला. पण ग्रामीण जिल्ह्यातला माणूस म्हणून मला तो जास्तच टोचला. आपल्या भागातली पोरे सैन्यात जातात. त्यांच्या नावाने, त्यांना न विचारता, ही साक्ष दिली गेली.

आणि कानिटकरांची कारकीर्द हेच या मुद्द्याला उत्तर आहे. १९५८ पासून खेड्यातला जवान स्त्री डॉक्टर-अधिकाऱ्याला सलाम करीत आला आहे. तिने ‘अनफिट’ लिहिले तर त्याची बदली थांबते, ‘ड्युटीवर हजर’ लिहिले तर त्याला जावे लागते. त्याच्या शस्त्रक्रियेवर तिची सही असते. साठ वर्षे हा हुकूम चालला आणि शिस्त मोडल्याचे कुणी म्हटले नाही. जवान तोच, खेडेही तेच; फरक होता तो फक्त अधिसूचनेत. डॉक्टर स्त्रीला लष्कराने कायम मानले, म्हणून तिच्यावर शिक्षणाचा खर्च केला, तिला वरिष्ठ अभ्यासक्रम दिले, रुग्णालये तिच्या हाती सोपवली आणि तिच्यातून सेनाधिकारी घडले. इतर शाखांतल्या स्त्रीला पाहुणी मानले, म्हणून ती पाहुणीच राहिली.

अर्थात, डॉक्टरांचे दारही फार रुंद नाही. एएफएमसीत भारतीय विद्यार्थ्यांच्या १४५ जागांपैकी मुलींसाठी ३० आहेत. शिवाय लढाऊ तुकडीचे नेतृत्व आणि रुग्णालयाचे नेतृत्व एक नव्हे, हा आक्षेपही खरा आहे. पायदळ आणि रणगाडा दल स्त्रियांना अजून बंदच आहे. म्हणून कानिटकरांचे उदाहरण देऊन ‘लष्करात आता स्त्री-पुरुष समान’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांचे उदाहरण एवढेच सांगते, की कायमपण दिले तर काय होऊ शकते.

त्या वडिलांना उत्तर

निवृत्तीच्या सुमारास, जुलै २०२१ मध्ये, कानिटकर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून नेमल्या गेल्या. हे विद्यापीठ १९९८ चे. अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला, तोही १ जुलै १९९८ रोजी. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्याला २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आणि ते याच विद्यापीठाशी जोडले गेले. रिसोड, मानोरा, कारंजाच्या मुलीला डॉक्टर होण्यासाठी आता जिल्हा सोडलाच पाहिजे असे नाही. डॉक्टर झाल्यावर नागरी महाविद्यालयातूनही आर्मी मेडिकल कोअरमध्ये जाता येते, हे मात्र फार थोड्या घरांना माहीत असते.

तर त्या वडिलांना मी कागद समोर ठेवून जे सांगितले, ते असे. अग्निवीर म्हणून गेली तर चार वर्षे. त्यांतून पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे ठेवले जातात, हे आधी समजून घ्या. अधिकारी म्हणून चेन्नईमार्गे गेली तर सुरुवात अल्पमुदतीची, पण आता कायम होण्याचा हक्क आहे. निवड मात्र गुणांवर. बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएचे दार २०२१ च्या न्यायालयीन आदेशाने उघडले आहे. मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी तिथून बाहेर पडली, सतरा जणी. त्या तयारीसाठी राज्य सरकारची मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींची नाशिकला २०२३ मध्ये निघाली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. विदर्भात चंद्रपूरची सैनिक शाळा आहे, तिथे आता मुलींनाही प्रवेश आहे. आणि विज्ञानाकडे ओढा असेल, तर एएफएमसी.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे परमनंट असते, पन पोरीनं इचारून घ्याव लागते.’’

माझ्या सगळ्या कागदांचे सार त्यांनी एका ओळीत सांगितले. पहिली कोण, दुसरी कोण, याची कात्रणे मी यापुढेही जपीन. पण मैदानावर धावणाऱ्या मुलींनी नेमणुकीचे पत्र हाती आले, की त्यात आधी मुदत वाचावी.